चकमकीच्या जुन्या बंदुकीचा बार

चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीत बार होण्यासाठी चार गोष्टी एकामागोमाग घडाव्या लागतात. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गार पोलादी झडपेवर घासत खाली येते. त्या घर्षणाने पोलादाचे तापलेले बारीक कण सुटतात. ते उघडलेल्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे पेट देणाऱ्या दारूवर, पडतात आणि रंजकाची ज्वाळा नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक छिद्रातून, आत शिरून ठासलेली दारू पेटवते. यातली एक गोष्ट हुकली तरी बार होत नाही. वापरलेली बंदूक उडत नसेल तर खोट या चारांतच कुठेतरी असते, पण दोष मात्र बंदुकीच्या जातीला दिला जातो. नागपूरच्या रामदासपेठेत प्रस्तुत लेखकाकडे परवान्यावर आलेल्या अशाच एका बंदुकीबद्दल प्रत्येक जाणकाराने हेच ऐकवले: भिंतीवर टांगा, ही काही उडायची नाही.

कायद्याची बाजू आधी पाहिलेली बरी. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे कलम 45 जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला सवलत देते. मात्र ते दुरुस्त करूनही चालवता येणार नाही, अशी अट आहे. म्हणजे दुरुस्त होऊ शकणारी बंदूक पहिल्या दिवसापासून परवान्याची. नागपूर शहरात हा परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो. दुरुस्तीही परवानाधारक कारागिरानेच करायची असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारणतः दोनच बंदुका ठेवता येतात आणि ठासणीची बंदूक त्यातली एक जागा अडवते. मिनिटाला जेमतेम दोन-तीन बार काढणारे हत्यार आणि आधुनिक रायफल यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

नळी रिकामी आहे ना, हे सर्वांत आधी बघायचे. गज आत सोडून तोंडाशी खूण करावी आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. तो कानापर्यंत पोहोचत नसेल तर आत काहीतरी आहे. जुन्या घरांतल्या बंदुका कैक वर्षे भरलेल्या निघतात आणि काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या काळानंतरही पेट घेते. नळीचा जोडही कारागिराकडून तपासून घ्यावा. अशा नळीत आधुनिक काडतुसातली धूरविरहित दारू कधीही घालू नये, नळी फुटते.

रामदासपेठेतल्या त्या बंदुकीचा खरा घोटाळा झडपेत होता. बंदूक दिवाणखान्यात शोभावी म्हणून आधीच्या कुणीतरी तिला आरशासारखे घासून चमकवले होते आणि त्या हौसेत झडपेवरचा कडक थर निघून गेला होता. अशी झडप बहुधा आतून मऊ लोखंडाची असते. तिच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून तेवढाच पातळ थर पोलादी केलेला असतो आणि ठिणगी याच थरातून निघते. तो गेला की गार मऊ लोखंडावर नुसती ओरखडे काढते. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. उलट वस्तू अधिक देखणी वाटते आणि म्हणून महाग विकली जाते. जुन्या यंत्राला पॉलिशच्या चाकावर धरणे ही सुधारणा मुळीच नव्हे, ती नासधूस आहे. मग न उडणाऱ्या बारांचे खापर दोनशे वर्षांपूर्वीच्या लोहारावर फुटते, हे अधिक खुपते. गार बदलून पाहा, रंजक बदलून पाहा, कमान कडक करा, असे सल्ले मिळत राहिले. झडपेच्या पोताकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

उपाय जुनाच आहे. झडप हाडाच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून, हवा लागणार नाही अशी बंद करून लालबुंद तापवतात, तशीच पाण्यात विझवतात आणि मग हलक्या आचेवर थोडा कडकपणा उतरवतात. तसे न केल्यास ती काचेसारखी तडकते. परवानाधारक कारागिराने हे काम केल्यानंतर फरक अंधाऱ्या खोलीत दिसला. वाटीत रंजक नाही, नळीत दारू नाही, फक्त गार आणि झडप. आधी दोन-चार मंद तांबड्या ठिणग्या उडून वाटेतच विझत. नंतर पांढुरक्या, सळसळत्या ठिणग्यांचा झोत थेट वाटीत पडून तिथे क्षणभर जिवंत राहू लागला. रामदासपेठेत, लेंड्रा पार्कच्या आसपास, दवाखान्यांच्या गर्दीत बार काढण्याचा प्रश्नच नव्हता. तो शहराबाहेरच्या परवानगीच्या चांदमारीवर. पण विश्वासार्हतेचे निम्म्याहून अधिक काम असे दारूशिवाय, घरात बसून होते.

गार चामड्याच्या तुकड्यात घट्ट बसवावी आणि तिची धार झडपेला सबंध रुंदीभर टेकेल असे बघावे. इंग्रजी फौजेला गारा इंग्लंडच्या सफोकमधल्या ब्रँडनहून येत. नागपूर परिसरात बसाल्टच्या थरांमध्ये, टाकळीच्या बाजूस, गारेच्याच जातीच्या चर्टचे खडक आहेत. ताज्या फुटीचा चर्ट धारदार असतो आणि ठिणगी पाडतो.

कानाचे छिद्र सुमारे 1.6 मिलिमीटरचे असावे. झिजून किंवा कुणी कोरून ते मोठे झाले असेल तर दाब तिथूनच निसटतो. तेव्हा कारागिराकडून नवी बुशी बसवून घ्यावी. रंजकाने वाटी काठोकाठ भरू नये. कान रंजकाने बुजला तर ते वातीसारखे जळत आत जाते आणि चाप व बार यांच्यात लक्षात येण्याइतका खंड पडतो. कान मोकळा राहिला तर ज्वाळा थेट आत उडी घेते. रंजक पेटूनही बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान मिनिटभर थांबावे.

एवढे केल्यावर ही बंदूक कोरड्या हवेत भरवशाने उडते. तरीही जातीचा दोष अगदीच नाही, असे म्हणता येत नाही. 1834 मध्ये इंग्लंडमधल्या वूलिचला चकमकीच्या आणि केपाच्या, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या टोपीच्या, बंदुकांचे प्रत्येकी 6000 बार काढून तुलना झाली. चकमकीचे हजारी सुमारे 153 बार फुकट गेले, केपाचे अवघे 6. त्या काही दिवाणखान्यातल्या बंदुका नव्हत्या. रामदासपेठेलगतच्या सीताबर्डीच्या टेकड्यांवर 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेशी लढले ते चकमकीच्या बंदुकांनीच. पावसाळा संपलेला होता, ही गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली असणार.

पावसाळ्यात मात्र सगळे उपाय थकतात. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात मागे उरतो आणि ही राख हवेतले पाणी ओढते. जूनच्या मध्यानंतर नागपुरात दोन-तीन बारांतच वाटीत काळा चिखल होतो आणि रंजक भिजते. दर बारानंतर वाटी, गार आणि झडप कोरड्या फडक्याने पुसावी, कानात तार फिरवावी. घरी आल्यावर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून तेलाचा हात द्यावा. पुढच्या वेळी बार काढण्याआधी झडपेवरचे आणि कानातले तेल पुसून टाकावे. तेलकट झडपेवर गार घसरते.