उलट्या आट्यांचे कडे

आमच्या निवासाच्या पडवीत, जेथे पावसाळ्यात छत्र्या वाळत घालावयाच्या, तेथे हल्ली एक सायकल टांगलेली असते. बाप्तिस्म्याची नोंद करावयास अगर लग्नाच्या चिठ्ठ्या नेण्यास येणारी मंडळी तिच्याकडे वाकून वाकून पाहतात. तिला घंटी नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. एवढे पाहून झाल्यावर कोणीतरी हमखास म्हणतो, "फादर, ब्रेक बसवायचे राहिले की!"

वाचकहो, ते राहिलेले नाहीत. व्हेलोड्रोम म्हणून सायकलशर्यतीचा जो लंबवर्तुळाकार धावमार्ग असतो, त्यावर धावणाऱ्या सायकलीस ब्रेक असता कामा नये असा नियमच आहे. तेथे स्वार एकमेकांच्या चाकामागे वीतभर अंतरावर धावत असतात. पुढच्याने एकाएकी ब्रेक दाबला तर मागची सगळी रांग त्याच्यावर कोसळेल. तिला फ्रीव्हीलही नसते. आपल्या नेहमीच्या सायकलीवर उतार लागला की आपण पाय थांबवितो आणि चाक आपले आपण फिरत राहते. येथे तशी मुभा नाही. मागची दातेरी चक्री चाकाला घट्ट जखडलेली असते. चाक फिरते आहे तोवर पाय फिरलेच पाहिजेत. वेग कमी करावयाचा तो पायांनीच पायडलांना उलट रेटा देऊन. म्हणजे पाय हेच ब्रेक. आणि पायांचे म्हणणे चाकापर्यंत पोहोचविणारी वस्तू म्हणजे ती चक्री. चक्रीला जागच्या जागी धरून ठेवते ते तिच्याबाहेरचे एक बारीक पोलादी कडे. या कड्याविषयीच आम्हांस लिहावयाचे आहे.

ही सायकल आमची नव्हे. आमच्या एका वेदीसेवकाची आहे. खानापूर तालुक्यातल्या आमच्या या गावातून तो रोज पहाटे कॅन बांधून दूध घालावयास जातो व मिस्सेच्या पहिल्या घंटेला परततो. वडील नाहीत. आई व दोन म्हशी. आमच्या उत्तर कर्नाटकात विजापूर-बागलकोटकडच्या शेतकऱ्यांची मुले सायकलशर्यतीत फार दिवसांपासून नाव मिळवून आहेत, हे त्यास ठाऊक होते. ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट-ओडर येथे अंदमानच्या एसो अल्बेनने व त्याच्या सोबत्यांनी कनिष्ठ गटाची सांघिक स्प्रिंट शर्यत जिंकून जगज्जेतेपद आणले, ती चित्रफीत त्याने किती वेळा पाहिली असेल हे त्याचे तोच जाणे. बेळगावच्या एका शर्यतीत पुण्याच्या एका वयस्क शिक्षकांनी त्याचे पाय पाहिले आणि म्हणाले, "बालेवाडीच्या धावमार्गावर दोन दिवस चालवून बघ. पण सायकल तुझी तू आण. आमच्याकडे द्यायला नाही."

मुलगा ही वार्ता घेऊन आमच्याकडे आला. आम्ही सेमिनरीत असताना पुण्यात पुष्कळ सायकल हाणली होती आणि पान्याशी आमचे जुने सख्य आहे. "बनवू या," असे आम्ही म्हणालो, ते काहीशा फुशारकीनेच, हे आता कबूल करण्यास हरकत नाही.

सांगाडा बेळगावच्या एका निवृत्त शर्यतपटूने अल्प किमतीत दिला. जुना, पोलादी, रस्त्यावरील शर्यतीचा. त्याच्या मागच्या खाचा पुढल्या बाजूस उघडणाऱ्या होत्या. धावमार्गाच्या सायकलीच्या मागल्या बाजूस उघडतात, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणता येते. बाजारातल्या मिस्त्रींनी त्या खाचा कापून दुसऱ्या बसविल्या आणि पितळेने झाळल्या. मागच्या दोन दांड्यांमधले अंतर १२६ मिलिमीटर होते, ते हलक्या हाताने १२० वर आणले. हे काम पाहण्यासारखे होते. मिस्त्री दोरा ताणून दोन्ही बाजूंची अंतरे पुनःपुन्हा मोजीत, आणि दर खेपेस चष्मा पुसून "अजून केसभर" असे पुटपुटत.

क्रँक आम्ही १६५ मिलिमीटरचे घेतले. रस्त्यावरच्या सायकलीला सहसा १७० चे असतात. धावमार्गाची वळणे बाहेरच्या अंगाला भिंतीसारखी चढलेली असतात. २५० मीटरच्या मार्गावर तर हा कल चाळीस अंशांहून अधिक असतो. तेथे वेग कमी पडला तर खाली आलेले उजवे पायडल उतारावर घासते. आणि पाय थांबवून पायडल वर धरण्याची सोय नाही, हे वर सांगितलेच. म्हणून आखूड क्रँक. पुढे ४८ दात्यांचे चेनव्हील, मागे १५ दात्यांची चक्री. पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचे ३.२ फेरे, म्हणजे सुमारे पावणेसात मीटर अंतर. हा हिशेब मुलाने शाळेच्या वहीच्या मागल्या पानावर स्वतः केला. उत्तर बरोबर आल्यावर त्याने आमच्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की गणितात दोनदा नापास झालेला तो हाच काय, असे आम्हांस वाटले.

राहता राहिला मागचा हब.

धावमार्गाच्या खऱ्या हबावर दोन तऱ्हेचे आटे कातलेले असतात. चक्रीचे आटे सुलट. पुढे पायडल मारले की ती अधिकच आवळत जाते. त्याच्या बाहेर, किंचित कमी व्यासाचे, उलटे आटे. त्यांवर ते कडे बसते. स्वाराने वेग रोखण्यासाठी मागे रेटा दिला की चक्री सुटू पाहते. परंतु ती ज्या दिशेने सुटू पाहते त्याच दिशेने कडे आवळले जाते. जितक्या जोराने सुटावे तितके घट्ट धरले जावे, अशी ही युक्ती आहे. साध्या हबावर उलटे आटे नसतात. मात्र पायडलांचा आस ज्या नळीत फिरतो तिच्या डाव्या अंगालाही एक कडे असते, आणि त्याचे आटे साध्या हबावर नेमके बसतात. कित्येक जण तेच चढवून काम भागवितात.

"भागतंय तसं," मिस्त्री म्हणाले. "पण हे कडं सुलट आट्याचं, फादर. चक्री सुटाय लागली की हेपण तिच्यासंगं सुटणार. धरलं तर धरलं."

खरा हब पुण्याहून मागवावा लागणार होता. सर्व खर्च धरून साडेचार हजार रुपये. त्या पावसाळ्यात आमच्या चर्चच्या छपराचे काम निघाले होते आणि आमचा खिसा रिता होता. कोणाकडे मागावे, तर छपरासाठी नुकतेच मागून झाले होते. आम्ही मिस्त्रींना ग्रॅहम ओब्री याची हकीकत सांगितली. स्कॉटलंडचा हा बेकार मनुष्य. त्याने घरी स्वतःच्या हातांनी सायकल बनविली, तिला कपडे धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग बसविले, आणि १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतील हामार येथे एका तासात ५१.५९६ किलोमीटर अंतर तोडून फ्रान्चेस्को मोझरचा नऊ वर्षांचा विक्रम मोडला. "तेव्हा मिस्त्री," आम्ही म्हणालो, "अडले आहे ते मनाने, सामानाने नव्हे." मिस्त्रींनी ते सुलट कडे जमेल तितके आवळले, वर एक चिकट द्राव लावला आणि काही बोलले नाहीत.

ओब्रीने ते बेअरिंग का घेतले होते, हे आम्ही तेव्हा सांगितले नाही. खरे म्हणजे आठवूनही पाहिले नाही. स्वस्त मिळाले म्हणून नव्हे. कपडे पिळताना यंत्राचे पिंप मिनिटाला हजारावर फेरे घेते. तेवढे जे सोसते ते उत्तमच असले पाहिजे, असा त्याचा विचार होता. त्याने जे मिळाले त्यातले सर्वांत भक्कम घेतले. आम्ही जे मिळाले तेच भक्कम मानले.

सप्टेंबरअखेर सायकल उभी राहिली. मुलाची आई पाहावयास आली. तिने ती सर्व बाजूंनी न्याहाळली आणि विचारले, "फादर, थांबायची कशी ही?"

आम्ही पायांची गोष्ट सांगितली. तिचे समाधान झालेले दिसेना, म्हणून आम्ही दुसरी एक सांगितली: इटलीत कोमो सरोवराजवळच्या डोंगरावर घिसाल्लोच्या पवित्र मरियेचे एक लहानसे देऊळ आहे; १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तिला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले; तेथे मोठमोठ्या विजेत्यांच्या सायकली भिंतींवर लावलेल्या आहेत. ती लक्ष देऊन ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने मरियेचे एक पदक आणून खोगिराखाली दोऱ्याने बांधले. कथा खरी होती. पदक मनापासून बांधलेले होते. पण तिने विचारले होते ते सायकल थांबण्याविषयी, आणि कड्याविषयी आम्ही अवाक्षर काढले नव्हते.

चाचणी शाळेच्या मैदानावर झाली. मुलाने बारा-तेरा फेऱ्या मारल्या. पाय यंत्रासारखे फिरत होते, आणि आम्ही, लाज वाटते सांगावयास, टाळ्या वाजवीत होतो. मैदान फाटकाच्या बाजूस किंचित उतरते. तेथे त्याने वेग रोखण्यासाठी प्रथमच जोराने मागे रेटा दिला. 'कट्' असा आवाज झाला. त्याचे पाय एकदम मोकळे सुटून उलटे फिरले. सायकल मात्र पुढेच निघाली, आणि पुढे जांभ्या दगडाची कुंपणभिंत होती. तिच्यावर सरळ आदळू नये म्हणून त्याने अंग आडवे टाकले. डाव्या हंसळीचे हाड मोडले. डोके वाचले.

इस्पितळातून आम्ही प्रथम त्याच्या घरी गेलो. पायवाटेवर आमच्या मनात पुष्कळ वाक्ये तयार झाली होती. सेमिनरीत वाक्ये तयार करण्याचे चांगले शिक्षण मिळते. तिच्या दारात त्यांतले एकही उपयोगी पडेना. आम्ही सांगितले, की हाड बसेल, सहा आठवडे लागतील. आणि दोष मुलाचा नाही, मिस्त्रींचाही नाही. मिस्त्रींनी बजावले होते, आम्ही ऐकले नाही.

ती बराच वेळ म्हशीच्या दाव्याशी चाळा करीत उभी राहिली. मग म्हणाली, "ते कडं केवढ्याचं होतं?"

"कड्यासकट हब साडेचार हजाराचा होता, ताई."

तिने मनाशी हिशेब केला. "तीन आठवड्यांचं दूध," ती म्हणाली. "मला सांगायचं होतं, फादर."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर ती निवासावर आली आणि मेजावर रुमालात बांधलेल्या नोटा ठेवून गेली. आम्ही मागे गेलो, तर तिने हात जोडले आणि थांबली नाही. आम्ही त्यात निम्मे घातले, तेही तिने खपवून घेतले एवढेच.

नवा हब आला तेव्हा मुलाचा हात झोळीतच होता. मिस्त्रींनी जुन्या चाकाच्या सगळ्या तारा सोडवून ते नव्या हबावर पुन्हा विणले. मागील चाक सरळ फिरू लागल्यावर चक्री चढली, आणि मग कड्याची पाळी आली. मिस्त्रींनी पाना आमच्याकडे केला. सवयीने आमचा हात उजवीकडे वळला, आणि कडे काही केल्या आटा पकडीना. मुलगा पडवीच्या पायरीवर बसला होता, तो हसून म्हणाला, "फादर, उलटं." आम्ही पाना त्याच्या उजव्या हाती दिला. त्याने डावीकडे फिरवून कडे आवळले. मिस्त्रींनी त्याच्यावर स्वतःचा जोर लावून पाहिला आणि मान हलविली.

बालेवाडीस आम्ही तिघे जानेवारीत गेलो. आईला यावयाचेच होते. दोन दिवसांचे दूध शेजारणीवर सोपवून ती आली. शिक्षकांनी आधी अर्धा तास मुलाला सर्वांत खालच्या निळ्या पट्ट्यावरूनच फिरविले. मग म्हणाले, "आता वळणात शिरताना पाय अजिबात ढिला सोडू नको. भीती वाटली तर जोरात मार." पहिल्या दोन खेपा तो वळणाच्या तोंडाशी बिचकून खाली उतरला. तिसऱ्या खेपेस चढला. सायकल त्या कलत्या भिंतीवर तिरपी झाली आणि लाल रेषेवरून सुळकन पलीकडे निघून गेली. आई कठड्याला धरून उभी होती. इतर लोक त्याचा वेग पाहत असावेत. ती वाट पाहत होती तो कधी थांबतो याची.

शिक्षकांनी हात वर केला. मुलगा वेग उतरविण्यासाठी एकदा वर चढला, खाली आला, आणि पायांनी रेटा देऊ लागला. सायकल मंद होत होत आमच्यासमोर आली. त्याने कठडा धरला. धाप लागली होती, बोलवत नव्हते.

आईने त्याच्या तोंडाकडे एकवार पाहिले, मग ती खाली वाकली. "हेच का ते कडं?"

"होय, ताई."

तिने कठड्याच्या फटीतून हात घालून ते बोटाने चाचपले. बोटाला ग्रीस लागले, ते तिने पदराला पुसले.