बलाला जागा किती?

पवनचक्कीचं पातं सीएफडीत (संगणकावरच्या प्रवाहगणितात) जसंच्या तसं उतरवायचं तर मेश त्याच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरापर्यंत न्यावी लागते आणि ते फार महाग पडतं. म्हणून २००२ साली सोरेन्सन आणि शेन यांनी मांडलेली ॲक्च्युएटर लाइन वापरतात: पात्याऐवजी एक रेषा फिरवायची आणि पातं हवेवर जेवढं बल लावतं तेवढं रेषेवरच्या बिंदूंपाशी समीकरणात घालायचं. बल किती, ते लिफ्ट-ड्रॅगच्या तक्त्यांतून मिळतं, म्हणून सगळी काळजी तक्त्यांचीच घेतली जाते. माझ्या मते ते बल किती जागेत पसरायचं हाही मॉडेलचाच भाग आहे आणि तो डिफॉल्टवर सोडू नये.

सगळं बल एकाच सेलमध्ये टाकलं तर दाब सेलागणिक वरखाली नाचू लागतो. म्हणून ते गाउसियन वक्रानं पसरवतात. त्याची रुंदी म्हणजे एप्सिलॉन. ही रुंदी सेलच्या निम्मी धरून कागदावर बेरीज करून पाहावी. बिंदू सेलच्या मध्यावर असेल तर एका दिशेत बल १७ टक्के जास्त भरतं, सीमेवर असेल तर तेवढंच कमी. तिन्ही दिशांचा गुणाकार केला की ६० टक्के जादापासून ४३ टक्के उण्यापर्यंत. म्हणजे तक्ता बिनचूक असूनही हवेला मिळणारं बल पातं सरकेल तसं बदलत राहतं. रुंदी दोन सेल केली की ही चूक उरतच नाही.

कोणी म्हणेल, बेरीज जुळली, आता पसाऱ्याचं काय? थ्रस्ट आधीच ठरलेला असेल आणि फक्त दूरचा वेक (पवनचक्कीमागचा मंदावलेला वारा) पाहायचा असेल तर हे बरंचसं खरं. पण इथे बल रेषेवरचा वेग वाचून काढतात आणि तो वेग त्याच बलानं बदललेला असतो. पसारा मोठा असला की टोकाचा भोवरा पुसट होतो, डाउनवॉश घटतो, हल्ल्याचा कोन वाढतो आणि लिफ्ट फुगते; टोकाशी भुजा लांब, त्यामुळे वीजही फुगते. मग मेश बारीक करा, हा दुसरा आक्षेप. पण एप्सिलॉन सेलच्या मापाला बांधलेला असेल तर प्रत्येक नव्या मेशवर आपण वेगळंच पातं सोडवत असतो. मार्तिनेझ-तोसास, चर्चफील्ड आणि मेनेव्हो यांच्या हिशोबानं लिफ्टसाठी योग्य रुंदी कॉर्डच्या (म्हणजे पात्याच्या रुंदीच्या) १४ ते २५ टक्के. दीड मीटर कॉर्डला २५ टक्के धरले तरी, एप्सिलॉन दोन सेलचा हवा म्हणून, सेल १९ सेंटिमीटरचा. ८०० बाय २४० बाय २४० मीटरच्या क्षेत्रात एकसारखी मेश केली तर सुमारे ७०० कोटी सेल. हे परवडत नाही, म्हणून एप्सिलॉन रुंद ठेवून हरवलेला डाउनवॉश लिफ्टिंग लाइनच्या गणितानं वेगात परत मिळवतात. आणि चाळकेवाडीसारख्या पठारावर मागच्या पवनचक्कीला किती वारा उरतो एवढंच हवं असेल, तर मी रेषेच्या नादी न लागता थ्रस्टच्या वक्रावर चालणारी साधी ॲक्च्युएटर डिस्क घेईन.