काल दिसला नाहीत?

डोंबिवलीचा माणूस ऑफिसातून रिटायर होतो, त्याच दिवशी लोकलमधूनही होतो. हे दुसरं रिटायर होणं जास्त जाणवतं. ऑफिसात शाल, श्रीफळ, दोन भाषणं. डब्यातल्या ग्रुपचा निरोप वेगळा: कुणीतरी सामोसे आणलेले, भजनवाल्यांनी त्याच्या आवडीचा अभंग धरलेला, आणि त्या दिवशी खिडकी शेवटपर्यंत त्याची, मध्येच उठून कुणाला जागा द्यायची नाही. दुसऱ्या दिवसापासून ‘काल दिसला नाहीत? बरं होतं ना?’ असं विचारणारी दहा माणसं एकदम आयुष्यातून जातात. पगार थांबणार म्हणून लोक तरतूद करतात. ह्या प्रश्नाची तरतूद कुणी करत नाही.

*

सकाळी ठाण्याच्या कचराळी तलावाभोवती किंवा डोंबिवलीच्या भागशाळा मैदानात जावं. फेऱ्या कमी आणि गप्पाच जास्त, असं हसणारे हसतात. पण नेहमीचा भिडू दोन दिवस दिसला नाही, की तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या दाराची बेल वाजवतं. मुलगा पुण्यात, मुलगी न्यू जर्सीत, आणि घरात एकटा माणूस असेल, तर ह्या बेलची किंमत विम्याच्या हप्त्याहून कमी नाही.

*

नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत टेबलावर अंगठ्याचं मशीन, समोर एक निवृत्त शिक्षिका. अंगठा काही लागत नाही. खडू, भांडी, धुणं ह्यांत रेघा झिजून गेलेल्या. बाई पदराला बोट पुसतात, पुन्हा टेकवतात. मग तर्जनी. शेवटी पलीकडे बसलेले काका, तेही पेन्शनर, पूर्वी बँकेत होते, मोबाइल उचलतात: ‘‘बाई, चष्मा काढा. इकडे बघा. आता डोळ्यांची उघडझाप करा.’’ झालं. सरकारदरबारी बाई आणखी वर्षभर हयात.

‘जीवन प्रमाण’ ही ह्या दाखल्याची डिजिटल सोय २०१४ साली आली, चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची २०२१ मध्ये. पण समोर मोबाइल धरायला माणूस लागतोच. हे काका नोव्हेंबरभर दुपारी आडवे होत नाहीत. काकू म्हणतात, ‘‘बँकेत असताना इतक्या वेळेवर कधी गेले नाहीत.’’

*

राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात. धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्यांचं वय होतं ५८. सत्तरी ओलांडल्यावर जगभर फिरून आले, १९३६ मध्ये खेड्यांतल्या शाळांसाठी मंडळ काढलं, १९४४ मध्ये समता संघ. आपल्याकडून विद्यापीठ होणार नाही, हे कबूल. पण ‘आता ह्या वयात काय’ हे वाक्य कर्व्यांच्या महाराष्ट्रात तरी जपून वापरावं.

*

बायकांचं रिटायर होणं कागदावरच असतं. नर्स म्हणून आयुष्यभर रात्रपाळ्या केलेली बाई घरी बसली, की सून म्हणते, ‘‘आई आता घरीच आहेत, पाळणाघराचा प्रश्न सुटला.’’ नातवंडं हवीच असतात. ती गळ्यात पडावीत, गळ्यात मारली जाऊ नयेत. ओळखीच्या एक बाई मुलाला स्पष्ट सांगतात: मंगळवार-शुक्रवार दुपार माझी, भजनी मंडळाची, त्यात बदल नाही. पहिले काही दिवस घरात तोंडं वाकडी झाली. आता मुलगाच आठवण करून देतो, ‘‘आई, आज शुक्रवार ना?’’

*

सगळ्यांच्या हाती पेन्शनचं पुस्तक नसतं. वागळे इस्टेटमधल्या किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या कंपनीच्या कामगाराला छंद विचारू नये. ईपीएफओची किमान पेन्शन २०१४ साली ठरली ती महिना १,००० रुपये. त्यात महिन्याचं औषधही भागत नाही, म्हणून साठीनंतर तो कुठल्यातरी टॉवरच्या गेटवर बारा तास ड्युटी करतो. ‘सक्रिय वार्धक्य’ म्हणून भाषण करणाऱ्यांनी गेटातून आत जाताना त्याच्याकडेही पाहावं.

*

जपानात १९७५ साली टोकियोत ज्येष्ठांना झेपतील अशी छोटी कामं मिळवून देणारी केंद्रं निघाली. पुढे १९८६ मध्ये त्यांना कायद्याचा आधार मिळाला. बागेतली झाडं छाटणं, किरकोळ दुरुस्ती. काम थोडं, मोबदलाही थोडा. आपल्याकडे हे काम सोसायटीच्या सेक्रेटरीपदाने केलं आहे, फक्त बिनपगारी. पाण्याच्या टाकीपासून रिडेव्हलपमेंटच्या फायलीपर्यंत सगळं एका निवृत्त अकाउंटंटच्या माथी. तो नोटीस बोर्डवर कडक सूचना लावतो, लोक कुरकुरतात. पण तो आठवडाभर गावी गेला, की पंप कुठल्या बटणाने चालू होतो हे कुणालाच ठाऊक नसतं.

*

कल्याणला रेल्वे आली १८५४ मध्ये आणि सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. घंटाळी मित्र मंडळाचा योग ठाण्यात कित्येक वर्षं चालू आहे. म्हणजे जाण्यासारख्या जागा इथे पूर्वीपासून आहेत. अडतं ते पहिल्या दिवशी चप्पल घालून निघण्यापाशी.

*

पन्नाशी उलटलेल्यांना एकच विनंती. निवृत्तीचा हिशेब मांडताना एफडी आणि मेडिक्लेमच्या खाली आणखी एक ओळ लिहा: मी एक दिवस गेलो नाही, तर कुणाचं अडेल? उत्तर कोरं असेल, तर रिटायर व्हायची वाट पाहू नका. येत्या रविवारीच एखाद्या वाचनालयात किंवा संघात जा आणि ‘काही काम आहे का’ विचारा. काम नक्की निघेल.