चोवीस रिकामे डबे

आमच्या घरात सध्या चोवीस डबे रिकामे पडून आहेत. एका मापाचे, आरपार दिसणारे, पांढऱ्या झाकणांचे. ते रिकामे का, हे सांगायचं तर स्वयंपाकघरात मी गाजवलेला पराक्रम सांगावा लागेल. मुलांच्या चुका आयुष्यभर लाल शाईने दाखवल्या, आता स्वतःची लिहायची वेळ आली आहे.

सौ.ला गेल्या वर्षापासून विसर पडायला लागला. आधी नावं, मग वार. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं तेव्हा दोघंही हसलो. दूध उतू जाऊन विझलेला गॅस तसाच चालू राहिला, तेव्हा मात्र हसू आलं नाही. मुलाने तिला तपासण्यांसाठी पंधरा दिवस नागपूरला नेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि मुलाला म्हणाले, घरात फार उलथापालथ करू नका. तो निरोप मला फोनवर मिळाला. पण तोवर मी उलथापालथ करून बसलो होतो.

हेतू चांगला होता हो! तिला सोपं जावं म्हणून स्वयंपाकघर लावायचं ठरवलं. शाळेचं वेळापत्रक बनवायचो तसा कागद घेतला आणि मोबाईलवर वाचायला लागलो. त्यात फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराची गोष्ट सापडली. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या बाईंनी तिथल्या कामगारांच्या घरांसाठी चिमुकलं स्वयंपाकघर आखलं. ओटा, मोरी, शेगडी अशी मांडली की बाईची पावलं वाचावीत. डाळ-तांदळासाठी अॅल्युमिनियमचे छोटे खण, आणि प्रत्येक खणावर आत काय आहे त्याचं नाव आधीच घातलेलं. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्या लाकडाला कीड टिकत नाही. हे वाचून मी खूश झालो. आम्ही आलापल्लीचे, लाकडाच्या गावचे. सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही आणि बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचा भुगा करते, हे इथल्या पोरांनाही ठाऊक असतं. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी आमच्या भागातलं सागवान वाजतगाजत गेलं, तेव्हा तर गावाची छाती फुगली होती. असो. त्याच लेखात आणखी एक गोष्ट होती. हे स्वयंपाकघर आखलं तोवर बाईंनी स्वतः कधी रांधलेलं नव्हतं, हे त्यांनीच पुढे कबूल केलं. ती ओळ मी वाचली आणि पुढे गेलो. मीही कुठे रांधलं होतं!

मुलाने ते चोवीस डबे पाठवले. मी सगळा किराणा त्यांत भरला, वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लावल्या आणि जुने डबे पोत्यात घालून माळ्यावर टाकले. सागवानी मांडणीवर ताटं-पेले उभे असायचे, ती भिंतीपासून हलवली आणि तिच्या जागी बंद दारांचं कपाट बसवलं. ओट्यावर एक चमचासुद्धा दिसेना. इतका नीटनेटका वर्ग मी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

ती परत आली. चहा ठेवते म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ आवाज नाही म्हणून डोकावलो तर ओट्यापुढे उभी. पदर खोचलेला, हात मोकळे. मला म्हणाली, "अहो, या घरातली बाई कुठे गेली? तिला विचारल्याशिवाय कसं हात लावायचं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. १९७७ साली लग्न होऊन ती भामरागडकडच्या एका गावात, माझ्या शाळेच्या एका खोलीत आली. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला पाच वर्षं होती. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, म्हणून चार महिन्यांची बेगमी मृगाच्या आधी करावी लागे. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या माडिया बायांकडे बघून तिने बियाणं चुलीवर धुरात टांगलं. तांदूळ शेणाने लिंपलेल्या बांबूच्या ढोलीत, मधे कडुनिंबाचा पाला. डाळीला एरंडेलाचा हात. काडेपेट्या डालड्याच्या डब्यात, झाकणाच्या फटीवर मेण ओतून. जुना तांदूळ संपल्याशिवाय नव्याला हात नाही. कागदावर एक अक्षर नव्हतं, पण दिवा गेला तरी अंधारात ती हवी ती वस्तू काढून द्यायची.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिवळा डालड्याचा डबा म्हणजे तूरडाळ, हॉर्लिक्सची बाटली म्हणजे जिरं, चिनी मातीची बरणी म्हणजे मीठ, पोचा आलेला गोल डबा म्हणजे साखर. तिला वाचावं लागतच नव्हतं. हात आणि डोळे आकारावर चालत होते. मी सगळ्यांना एकच गणवेश घातला आणि वर पाटी लावून म्हटलं, वाचा! ज्यांची आठवण शाबूत आहे त्यांना सारखे डबे शोभतात.

सकाळी पोतं खाली उतरवलं. लग्नातल्या भेटी, नावं घातलेली भांडीही उतरली. गंज, गडवे, पातेली... बुडाशी किंवा कडेला "सप्रेम भेट" आणि तारीख. मांडणी परत भिंतीला लावायला शेजारचा मुलगा आला. कपाट आता माझ्या पुस्तकांना.

सगळंच मात्र जुनं केलं नाही. अडगळ खरोखर होती. एकोणीस झारे-उलथणी निघाली, त्यांतली चार ठेवली, पण ती निवडायला तिलाच बसवलं. अर्धा दिवस गेला. प्रत्येकाची हकीकत ऐकावी लागली, काही दोनदा. मसाल्याचा डबा शेगडीच्या वरच्या फळीवरून काढून बाजूला ठेवला, कारण वाफेने तिखटाचे गोळे होत. जड पिंप खाली. रोजचं सगळं कमरेपासून खांद्याच्या उंचीपर्यंत, म्हणजे स्टूल लागू नये. आणि गॅसची नळी बंद करण्याचं काम माझं. त्याची चिठ्ठी लावली आहे, पण ती माझ्यासाठी.

डबे परत न्यायला मुलगा दिवाळीत येणार आहे. सूनबाई हळहळली, "बाबा, किती छान दिसत होतं फोटोत!" दिसत होतं खरं.

काल दुपारी सौ. मांडणीपुढे बसून भांडी पुसत होती. एक गडवा उलटा करून तिने कडेवरचं नाव बोटाने चाचपलं आणि म्हणाली, "मामींनी दिलेला. त्यांना पाऊस फार आवडायचा." मामींचं नाव मला आठवेना. मी तिलाच विचारलं. तिने लगेच सांगितलं, मग म्हणाली, "चहा टाकू का?" आणि न बघता पोचा आलेल्या डब्याकडे हात नेला. मी नळीजवळ जाऊन उभा राहिलो.