काशीचं घर

काशी आमच्याकडे आली ती जुलै २०१९च्या पुरात. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, तोच तो शनिवार. उल्हास नदी हेंद्रेपाड्याच्या बाजूने आत शिरली होती. तळमजल्यावरची कुटुंबं गाद्या, गॅस, मुलांची दप्तरं घेऊन वर आली. त्यांच्या मागोमाग जिन्यातून हे भिजलेलं पिल्लूही आलं. पांढऱ्या अंगावर काळे आणि तांबूस डाग, म्हणजे तिरंगी. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असते. तांबूस रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि काळा नि तांबूस हे दोन्ही रंग एकाच अंगावर उमटायला दोन एक्स लागतात. पाणी ओसरलं, तळमजल्यावरची माणसं चिखल उपसायला खाली गेली. काशी मात्र राहिली.

पुढची चार वर्षं घर तिचं होतं. फ्रिजच्या वरची जागा तिची, स्वयंपाकघराच्या खिडकीतलं सकाळचं ऊन तिचं, सासूबाईंच्या खाटेचा पायथा तिचा. दाराच्या चौकटी, खुर्चीचे पाय, ऑफिसहून आल्यावर मी खाली ठेवलेली पर्स, सगळ्याला ती गाल घासून जायची. मांजराच्या गालांत, कपाळात, शेपटीच्या मुळाशी आणि पंजांत गंधग्रंथी असतात. आपल्याला तो वास येत नाही, तिला येतो. घरभर तिच्या गंधाच्या सह्या झालेल्या होत्या.

बाळ्या आला २०२३च्या जूनमध्ये, जांभळांचा हंगाम सरता सरता. रस्त्याकडेला बसणाऱ्या मासळीवालीच्या पाटीमागे एक तांबूस बोका, दोन-अडीच महिन्यांचा, माशांच्या पाण्यात बसलेला होता. "ताई, घेऊन जा याला. रात्रीची कुत्री सोडायची नाहीत," ती म्हणाली. माझी मुलगी बरोबर होती. तिने ओढणी पसरली आणि प्रश्न मिटला.

दारातच सासूबाईंनी आम्हाला थांबवलं. "अगं, एकदम आत नको आणूस. घर काशीचं आहे. तिला कळू दे आधी."

त्यांचं लहानपण बदलापूर गावातल्या कौलारू घरात गेलं. अंगणात जांभळीचं झाड, मागे गोठा, वर माळा. अशा घरात मांजर कधी कुणी आणत नसे, ते येत असे. त्या रात्री जेवताना त्यांनी ते येणं सविस्तर सांगितलं. नवं मांजर पहिले काही दिवस नुसतं कुंपणावर दिसायचं. घरातली मांजर ओटीवरून त्याच्याकडे बघत बसायची, गुरगुरायची, मग पाठ फिरवून झोपायची. पुढे ते गोठ्याच्या वळचणीला दिसू लागायचं. मग पडवीत. कुणीतरी तिथे दूधभात ठेवायचं. दोघांची कौलांवर एक-दोनदा जुंपायची, पण पळायला जागा असायची म्हणून रक्त निघेपर्यंत जात नसे. पाऊस लागला की एक दिवस नवं मांजर ओटीवर पोत्यात झोपलेलं सापडायचं, आणि दिवाळीपर्यंत माजघरात. मधल्या काळात घरातली मांजर रोज त्याच्या वाटेचा, त्याच्या बसण्याच्या जागेचा वास घेत असायची. तोंडओळख होण्याआधी वासाची ओळख पुरी झालेली असायची.

मांजरांच्या वागण्यावरचे आजचे सल्ले मी नंतर वाचले. ते सगळे मला त्या कुंपण-पडवी-ओटीच्या वाटेनेच जाताना दिसले. आपल्या घरातली मांजर आफ्रिकी रानमांजराच्या वंशातली. ते रानमांजर एकट्याने शिकार करतं, एकट्याने हद्द राखतं. जिथे खाणं मुबलक असतं तिथे मांजरी कळपाने राहतात, पण त्या बहुधा आई-लेकी-बहिणी असतात, आणि परक्याला त्या हाकलतात. परकं हळूहळू आपलं होतं ते अंतर आणि वेळ या दोन गोष्टींवर. जुन्या घराच्या रचनेत दोन्ही होत्या. फ्लॅटमध्ये दोन्ही नाहीत. इथे उंबरा ओलांडला की पाहुणा थेट माजघरात.

आणि आता बदलापूर म्हणजे फ्लॅटच. २००१च्या जनगणनेत या शहराची वस्ती लाखाच्या आत होती. २०११ला ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतर किती इमारती उठल्या ते स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की दिसतं. वाडी पडते तेव्हा माणसांना नव्या इमारतीत जागा मिळते. मांजरांची पडवी जाते आणि ती रस्त्यावर येतात. बाळ्यासुद्धा तसाच आलेला असणार.

तेव्हा आम्ही ठरवलं की पडवी घरातच करायची. आमचं घर एका बेडरूमचं. ती बेडरूम बाळ्याची झाली आणि आम्ही तिघं हॉलमध्ये सासूबाईंच्या खाटेभोवती अंथरुणं टाकू लागलो.

त्याआधी डॉक्टर झाले. त्यांनी जंताचं औषध दिलं, कान तपासले, पिसवा बघितल्या, लसीचं वेळापत्रक लिहून दिलं आणि एक गोष्ट अगदी खडसावून सांगितली: दोन आठवडे तरी हा वेगळा. पॅनल्युकोपेनिया नावाचा विषाणूचा आजार पिल्लांना झपाट्याने मारतो. तो विषाणू घरातल्या लादीवर, भांड्यांवर, कपड्यांवर वर्षभरही टिकू शकतो. काशीच्या लसी वेळेवर झालेल्या होत्या, तरी बाळ्याची भांडी वेगळी, शी-शूची पाटी वेगळी, आणि त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा नियम झाला. वेगळं ठेवण्यामागचं हे कारण लोकांना ठाऊक नसतं, म्हणून ते दुसऱ्याच दिवशी दार उघडतात.

पहिल्या संध्याकाळी काशी बेडरूमच्या दाराशी आली. खालच्या फटीला नाक लावलं, मग तोंड अर्धवट उघडून तशीच थबकली. ती रागावली नव्हती. मांजराच्या टाळूत वास तपासणारं आणखी एक इंद्रिय असतं, तिथे ती तो वास पोचवत होती. मग ती फिस्कारली, शेपटी फेंदारून फ्रिजवर जाऊन बसली आणि रात्री जेवली नाही. मला फार वाईट वाटलं. चार वर्षांत तिने ताटली पुसायची बाकी ठेवली नव्हती. मांजर दिवसभराहून जास्त उपाशी राहिलं तर ताबडतोब घेऊन या, यकृतावर येतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी सासूबाईंनी उकडलेली मांदेली, मिठाशिवाय, फ्रिजवर नेऊन ठेवली तेव्हा ती जेवली. सासूबाई तिच्याशी बराच वेळ बोलत होत्या.

डॉक्टरांनी सांगितलेले दोन आठवडे सरले, मग रोजचा क्रम लागला. एका मऊ फडक्याने बाळ्याचे गाल पुसायचे आणि ते फडकं काशीच्या ताटलीजवळ ठेवायचं. काशीचं फडकं बाळ्याच्या पोत्याखाली. पहिल्यांदा तिने त्या फडक्यावर पंजा मारला. पुढे नुसता वास घेऊन पुढे जाऊ लागली. नंतर एकदा ती त्याच्यावर चक्क बसलेली दिसली. काही वेळ बाळ्याला न्हाणीघरात ठेवून काशीला बेडरूममध्ये मोकळं सोडायचं, म्हणजे त्याच्या हद्दीत तिलाही फिरता येई.

जेवणं दाराच्या दोन्ही बाजूंना. बदलापूरहून मुंबईला लोकलने जाणाऱ्यांचं घर, म्हणजे सगळे एकत्र असण्याची वेळ रात्रीची. म्हणून दोघांचं मुख्य जेवण मी घरी पोचल्यावर ठेवलं. काशीची ताटली आधी दारापासून लांब, जिथे ती निवांत खाईल तिथे. ती निवांत खाऊ लागली की एक लादी पुढे. ती थबकली, कान मागे घेतले, की पुन्हा एक लादी मागे. आमच्या हॉलमधल्या लाद्यांनी हे सगळं मोजलं. कधी गाडी उशिरा आली, सगळे दमलेले असले, की त्या दिवशी ताटली होती तिथेच राहायची. मांजराला त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते आपण पुढे ढकलल्याने.

ताटल्या दाराला टेकल्या तेव्हा सुताराकडून खुराड्याला लावतात त्या जाळीची चौकट करून घेतली आणि बेडरूमच्या दारात बसवली. आता दोघांना एकमेकं दिसू लागली. काशी फिस्कारली की मुलगी तिला ओरडायला जायची. सासूबाई तिचा हात धरायच्या. "तिला बोलू दे. ती लांब राहा म्हणतेय, तेवढंच." हे शंभर टक्के खरं आहे. फिस्कारणं म्हणजे भांडण टाळण्यासाठी दिलेली ताकीद. त्यावर मांजराला रागावलं तर नव्या पिल्लाचा वास आणि आपला राग यांची तिच्या डोक्यात गाठ बसते. काळजी करावी ती गप्प मांजराची: पापणी न लववता रोखून बघणारी, कान चपटे केलेली, दुसऱ्याची पाटीकडे जायची वाट अडवून बसणारी. काशीने तसं केलं नाही. ती फिस्कारायची, मग स्वतःचा पंजा चाटायची. बाळ्या जाळीपाशी पोट वर करून लोळायचा.

जाळी काढली तो रविवार होता, सगळे घरी. दोघांची पोटं भरलेली. मुलगी खराट्याच्या काडीला दोरी बांधून बाळ्याला खेळवत होती. काशी फ्रिजवरून उतरली, सरळ त्याच्या मागे गेली, त्याच्या शेपटीखाली वास घेतला. बाळ्या वळला आणि तिच्या नाकाला नाक लावायला गेला. तिने त्याच्या कानशिलात ठेवून दिली. नखं आत होती. आवाज झाला तो मऊ पंजाचा. बाळ्या जागच्या जागी चपटा झाला. काशी त्याच्यावरून ओलांडून पाण्याकडे गेली, पाणी प्यायली, खाटेच्या पायथ्याशी बसली. सासूबाई म्हणाल्या, "झालं." तरी पुढचे बरेच दिवस आम्ही घरात नसताना आणि रात्री बाळ्या जाळीच्या आतच असे.

बाळ्याचं ऑपरेशन पुढच्या हिवाळ्यात झालं. काशीचं २०२०लाच झालं होतं. घरात शी-शूच्या पाट्या तीन आहेत, मांजरांपेक्षा एक जास्त, आणि त्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत. एकीच्या वाटेवर दुसरा बसला तरी अडचण नको. भिंतीवर सुताराने दोन फळ्या ठोकल्या, कारण फ्रिजची वरची जागा काशीने सोडली नाही आणि ती तिच्याकडून घेण्याचा कुणाला अधिकारही नव्हता. सकाळचं खिडकीतलं ऊन अजून तिचंच. दुपारी ती उठली की बाळ्या तिथे जातो. दोघांनी जागा वाटून घेतली नाही, वेळ वाटून घेतली आहे. ती एकमेकांना बिलगून झोपत नाहीत. फोटोत दिसतात तशी गुंडाळी करून एकत्र झोपणारी मांजरं बहुधा लहानपणापासून एकत्र वाढलेली असतात, आणि तशी अपेक्षा काशीकडून करणं अन्यायाचं झालं असतं. पण बाळ्या गॅलरीतून आत आला की ती शेपटी उभी करते, आणि मांजरांच्या जगात हा नमस्कार आहे. थंडीत तिने कधीतरी त्याचे कान चाटलेले आम्ही पाहिले आहेत.

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कुठल्याही इमारतीच्या जिन्यात दर पावसाळ्यात पिल्लं सापडतात. घरात आधीचं मांजर असलं तरी त्यांना आसरा द्या. पण दार बंद होईल अशी एक खोली काही आठवडे मोकळी करता येत असेल तरच त्याला कायमचं ठेवून घ्या. ती नसेल तर पिल्लाला डॉक्टरांकडे न्या, लस टोचून घ्या आणि ज्यांच्याकडे मांजर नाही असं घर त्याच्यासाठी शोधा.