कोंडलेल्या प्रकाशाची किंमत

साहित्याच्या वर्गात 'अल्पाक्षरत्व' हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे प्रशस्तिपत्रासारखा वापरत आलो. एका विद्यार्थिनीची चाळीस ओळींची कविता आम्ही आठ ओळींवर आणवली आणि तिचे कौतुक केले. ती एवढेच म्हणाली, "छान झाली, सर, पण आजी गेली त्यातून." त्या वाक्याचा अर्थ आम्हांस फार उशिरा कळला, तोही सूक्ष्म लेसरांविषयी वाचताना.

एरवी प्रकाश त्याच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून लहान जागेत कोंडता येत नाही. धातूच्या पृष्ठभागावर मात्र तो इलेक्ट्रॉनांच्या आंदोलनांशी बांधला जातो आणि त्याहून कितीतरी अरुंद जागेत मावतो. या तत्त्वावरील 'स्पेसर'ची कल्पना डेव्हिड बर्गमन आणि मार्क स्टॉकमन यांनी 2003 साली मांडली. 2009 साली मिखाईल नोगिनोव्ह व सहकाऱ्यांनी अवघ्या 44 नॅनोमीटर व्यासाच्या कणांतून 531 नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा लेसरप्रकाश मिळवला. कणाचा गाभा सोन्याचा, भोवती रंगद्रव्य मिसळलेल्या सिलिकाचे कवच.

परंतु जो धातू प्रकाशाला धरून ठेवतो, तोच त्याला गिळतोही. इलेक्ट्रॉनांच्या टकरींत प्रकाशाच्या ऊर्जेची उष्णता होते; पकड जितकी घट्ट, तितकी ही हानी सहसा अधिक. म्हणून त्याच वर्षी बर्कलीच्या संशोधकांनी कॅडमियम सल्फाइडची सूक्ष्म तार चांदीवर थेट टेकवली नाही. मध्ये मॅग्नेशियम फ्लोराइडचा 5 नॅनोमीटरचा थर ठेवला. प्रकाशाचा बराचसा भाग त्या फटीतच राहतो, धातूत कमी शिरतो. तरीही हानी उरतेच. ती भरून निघेल इतकी ऊर्जा तारेला बाहेरून पुरवावी लागते, तेव्हा कोठे लेसर पेटतो.

कविता म्हणजे लेसर नव्हे. ही तुलना आम्ही ताणणार नाही. आम्हांस अंतर्मुख केले ते त्या रचनाकारांच्या हिशेबाने. लहान करण्यात काय जळणार, हे ते आरंभीच मांडतात. आम्ही तो हिशेब कधी मांडलाच नाही. जे उरले त्याच्या तेजावरच खूश राहिलो.

आता कुणाला ओळी गाळायला सांगण्यापूर्वी आम्ही विचारतो, यातून कोण जाईल? त्या विद्यार्थिनीकडे मूळ चाळीस ओळी मागितल्या, तेव्हा ती हसून म्हणाली, "त्या कुठे ठेवल्या, सर? तुम्हांला आठच आवडल्या होत्या ना!"