रिपोर्ट नॉर्मल आहे, पण कोणत्या वेळचा?

‘रिपोर्ट नॉर्मल आला’ हे वाक्य आमच्या मंगरूळपीरमध्ये हल्ली ‘सब खैरियत आहे’ याच अर्थाने वापरले जाते. लग्नाच्या दावतीत, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, जिथे चार माणसे पन्नाशीकडे झुकलेली असतील तिथे शुगर आणि कोलेस्टेरॉलचे आकडे निघतातच. ज्याचा आकडा कमी तो बिर्याणीच्या ताटाकडे जरा जास्त हक्काने वळतो.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञान बारावीनंतर सुटले. पण लॅबचे रिपोर्ट इंग्रजीत असतात आणि मोहल्ल्यात इंग्रजी कागद वाचायचा म्हणजे मास्तर, हे ठरलेले आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म, लाइट बिलाची नोटीस आणि आता हे रिपोर्ट. आणणाऱ्याचा प्रश्न बहुधा एकच असतो, “सर, ठळक अक्षरात काही आहे का?” नसेल तर माणूस खुशीत कागदाची घडी करून निघून जातो. आमची एक माजी विद्यार्थिनी डॉक्टर आहे. गेल्या वर्षी घरातच एक प्रसंग आला, तेव्हापासून आम्ही तिला या कागदांविषयी खूप छळले. तिच्याकडून समजलेले आणि नंतर वाचून पडताळलेले इथे लिहीत आहोत.

प्रसंग आमच्या मामूंचा. वय सत्तावन्न, कपड्याचे दुकान, तंबाखू दहा वर्षांपूर्वी सोडलेला. हिवाळ्यातली सकाळ. फजरची नमाज पढून घरी येताना छातीत दडपण आले, डाव्या जबड्यात ओढल्यासारखे झाले. गॅस समजून सोडा प्यायले. तासाभराने कोणीतरी म्हणाले, ‘एक खून की जांच कर लो, पता चल जाएगा.’ ओळखीच्या एका लॅबवाल्याने बोटभर कार्डावर रक्ताचे थेंब टाकून ट्रोपोनिनची तपासणी केली. कार्डावर एकच रेघ उमटली. निगेटिव्ह. मामू कागद खिशात घालून घरी आले आणि रजई ओढून पडले. मामींना मात्र चैन पडेना. त्यांचे त्या दिवशीचे वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखे झाले आहे, “रिपोर्ट अच्छी आई, तो फिर पसीना कायको आ रहा?”

त्यांच्या हट्टामुळे दहाच्या सुमारास मामूंना सरकारी दवाखान्यात नेले. तिथे आधी ईसीजी काढला. पट्टी पाहताच डॉक्टरांनी गोळ्या चावून खायला दिल्या, १०८ला फोन लावला आणि रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता मामूंना अकोल्याला रवाना केले. तिथे अँजिओग्राफीत एक नस पूर्ण बंद निघाली, स्टेंट टाकला. दुसऱ्यांदा काढलेल्या रक्तात ट्रोपोनिन भरपूर वाढलेले होते. म्हणजे सकाळचे कार्ड खोटे होते का? नाही. लॅबवाल्याने जे दिसले तेच लिहिले. प्रश्न वेळेचा होता.

ट्रोपोनिन हा हृदयाच्या स्नायूतला एक प्रथिनाचा घटक. स्नायू आकुंचन पावतो त्या यंत्रणेचा तो भाग असतो आणि एरवी पेशीच्या आतच राहतो. रक्तपुरवठा तुटून पेशी मरू लागल्या की तो बाहेर रक्तात झिरपतो. हंगामात बाजार समितीच्या रस्त्यावर सोयाबीनचे दाणे सांडलेले दिसतात, त्यावरून कळते की पुढे गेलेल्या गाडीत एखादे पोते फाटले आहे. पण पोते आत्ता, याच क्षणी फाटले असेल तर रस्ता अजून स्वच्छच दिसणार. कार्डासारख्या साध्या तपासणीत ट्रोपोनिन दिसू लागायला दुखणे सुरू झाल्यापासून साधारण तीन ते सहा तास लागतात. मामूंचे रक्त पहिल्या दीड तासात काढले होते. रस्ता स्वच्छ होता, पोते फाटलेले होते.

म्हणूनच डॉक्टर एका निगेटिव्ह रिपोर्टवर माणसाला घरी सोडत नाहीत. काही तासांनी पुन्हा रक्त काढतात आणि दोन आकड्यांमधला फरक पाहतात. मोठ्या रुग्णालयांत आता अतिसंवेदनशील ट्रोपोनिनची तपासणी असते. ती अगदी सूक्ष्म प्रमाणही पकडते, त्यामुळे एक ते तीन तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांवर निर्णय होऊ शकतो. त्यातही बायकांची मर्यादा पुरुषांपेक्षा कमी असते. एका प्रचलित ट्रोपोनिन-आय तपासणीत पुरुषांसाठी ती ३४ आणि बायकांसाठी १६ नॅनोग्रॅम प्रति लिटर धरतात. हे मुद्दाम लिहिले, कारण आमच्या घरांतल्या अम्मी आणि खाला छातीत दुखते असे सहसा म्हणतच नाहीत. दम लागतो, पाठ भरून येते, मळमळते, ‘जी घबरा रहा है’ एवढेच म्हणतात आणि पुन्हा पोळ्या लाटायला बसतात. मधुमेह जुना असेल तर पुरुषालाही कधी कधी दुखत नाही.

उलट बाजूही आहे. ट्रोपोनिन वाढले म्हणजे झटकाच आला असेही नाही. मूत्रपिंडाचा जुना आजार, हृदयाच्या स्नायूची सूज, फुप्फुसात अडकलेली गाठ, रक्तातला मोठा संसर्ग, यांतही ते वाढते. मूत्रपिंडाच्या रुग्णाचे पोते रोजच थोडे गळत असते, म्हणून त्याच्या बाबतीत आकडा वर जातो आहे की तिथेच थांबला आहे हे महत्त्वाचे. २०१८ साली जगभरातल्या हृदयरोग संघटनांनी मिळून केलेल्या व्याख्येतही हेच आहे: आकडा चढता किंवा उतरता हवा आणि त्याच्या जोडीला लक्षणे, ईसीजी किंवा तशा दुसऱ्या खुणा हव्यात. कागद एकटा पुरत नाही.

आता भाषेच्या शिक्षकाची एक मौज. बोकडाची कलेजी म्हणजे यकृत हे खाटकाच्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण मराठीत ‘काळीज’ म्हटले की आपण हात छातीवर ठेवतो. उर्दूतही कलेजा आणि दिल यांची अशीच सरमिसळ होते. वैद्यकातही तेच घडले आहे, हे आम्हाला नवीन होते. १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की हृदयाचा झटका आल्यावर रक्तातले एक विकर वाढते. झटका ओळखायची ती पहिली रक्त तपासणी. त्या विकराचे नाव एसजीओटी. आज ते आपल्या रिपोर्टमध्ये यकृताच्या रकान्यात बसलेले असते, कारण यकृत बिघडले तरी ते वाढते. पुढे सीके-एमबी आले. तेही काही तासांनी वाढते आणि दोन-तीन दिवसांत उतरते. १९८९ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या ह्यूगो काटुस यांनी ट्रोपोनिन-टीची तपासणी पुढे आणली. त्याचा फायदा असा की हे ट्रोपोनिन खास हृदयाच्या स्नायूचे असते आणि आठवडाभर, कधी त्याहून जास्त काळ रक्तात सापडते. तीन दिवसांपूर्वीचा ‘गॅस’ खरोखर गॅस होता का, हेही त्यामुळे कळू शकते.

मामू वाचले, अल्हम्दुलिल्लाह. पण मधल्या चार तासांत स्नायूचा मोठा भाग गेला. आमच्याकडे लोक ज्याला ‘पंपिंग’ म्हणतात ते ३५ टक्क्यांवर आले. निरोगी माणसात ते साठच्या आसपास असते. दुकानाचे शटर आता मुलगा उचलतो. मामू गल्ल्यावर बसतात, पण जिना चढताना मध्ये थांबतात. दम वाढला, पायावर सूज दिसली की डॉक्टर एनटी-प्रोबीएनपी नावाची तपासणी करतात. हृदयावर ताण आला, त्याच्या भिंती ताणल्या गेल्या की हा पदार्थ रक्तात वाढतो. त्यातला ‘बी’ म्हणजे ब्रेन, मेंदू! १९८८ साली जपानी संशोधकांना तो आधी एका प्राण्याच्या मेंदूत सापडला म्हणून. मुख्यतः तयार होतो हृदयात, पण नाव मेंदूचे चिकटले ते चिकटले. अचानक दम लागलेल्या रुग्णात आकडा ३०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर दम्याचे कारण हृदय नसावे असे डॉक्टर धरून चालतात. दम छातीच्या संसर्गाचा की हृदयाचा, हे आमच्यासारख्या ठिकाणी ठरवायला ही तपासणी फार उपयोगी आहे. दुर्दैवाने तिचे पैसेही तितकेच लागतात.

मामू घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांचा एक ठरलेला सवाल होता, “पण कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होते ना?” होते. आदल्या वर्षीच्या पॅकेजचा कागद मामींनी कपाटातून काढून आम्हाला दाखवला. ठळक अक्षरात काहीच नव्हते. इथे दुसरी गफलत आहे. लिपिड प्रोफाइल आज हृदयाला काय झाले हे सांगत नाही, ते काम ट्रोपोनिनचे. लिपिड प्रोफाइल पुढच्या दहा-वीस वर्षांचा अंदाज देते, आणि तोही रक्तदाब, शुगर, तंबाखू, घराण्यातला इतिहास यांच्या सोबत वाचला तरच. कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसतानाही झटका आलेली माणसे कमी नाहीत.

शिवाय कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा सगळ्यांसाठी सारखी असते, आपली मात्र वेगळी असू शकते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार धोका कमी असलेल्या माणसाचे एलडीएल १००च्या खाली असावे, ज्यांना धोका जास्त त्यांचे ७०च्या खाली आणि ज्यांना झटका येऊन गेला आहे अशांचे ५५च्या खाली. आता मामूंचे एलडीएल ९० आले तर लॅबच्या कागदावर ते ठळक होणार नाही. मास्तरांना कागद दाखवून मामू खुशीत घरी जातील. डॉक्टर मात्र गोळी वाढवतील. आमच्या मते रिपोर्ट वाचण्यातली सर्वांत मोठी अडचण इंग्रजी नाहीच, ही आहे.

त्याच मार्गदर्शनात दोन गोष्टी अशा आहेत ज्या आमच्या घरांपर्यंत पोहोचलेल्या नाहीत. कोलेस्टेरॉलची पहिली तपासणी अठराव्या वर्षी करावी, आणि लायपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घ्यावी. हे लायपोप्रोटीन १९६३ साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधले. ते वडिलांकडून, आईकडून वारशात येते. खाण्यापिण्याने फारसे हलत नाही, म्हणून एकदाच तपासले तरी चालते. ज्यांच्या घरात पन्नाशीच्या आत कोणाला झटका आला आहे त्यांनी तर विचारावेच. नेहमीच्या पॅकेजमध्ये ते बहुधा नसते. निरोगी माणसाच्या पॅकेजमध्ये सीके-एमबी घालणारे आम्ही पाहिले आहेत, ज्याचा त्या माणसाला काही उपयोग नाही. आमच्या विद्यार्थिनीला हे दाखवले तर ती नुसती हसली.

पैशाचा विषय निघालाच आहे तर, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ग्रामीण रुग्णालय त्यात येते, मेडिकल कॉलेज येत नाही. रक्ताच्या बऱ्याच तपासण्या महालॅबमार्फत होतात. अँजिओप्लास्टी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत बसते. रेशन कार्ड आणि आधार कार्ड एका पिशवीत घालून ठेवलेले असले की रात्री-बेरात्री शोधाशोध होत नाही. मामूंच्या वेळी मुलगा अकोल्यात आणि रेशन कार्ड मंगरूळपीरच्या पेटीत, असे झाले होते. आमच्यापासून अकोला काही शेजारी नाही. तेवढ्या रस्त्यात घातलेला वेळ कोणतीही लॅब परत देत नाही. छातीत दडपण, घाम, जबडा किंवा हात दुखणे, कारण नसताना दम, यांतले काही झाले की पहिले पाऊल लॅबकडे नको, ईसीजी असलेल्या दवाखान्याकडे हवे. तिथे पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा असा नियम आहे. पहिली पट्टी साफ आली तरी दुखणे चालू असेल तर ती पुन्हा काढतात, रक्तही पुन्हा घेतात, म्हणून ‘आता जाऊ का?’ अशी घाई तिथे करू नये.

मामूंचे धाकटे भाऊ, आमचे छोटे मामू, पंचेचाळीसचे. मोठ्या भावाला पाहून ते स्वतःहून तपासून आले. एलडीएल १६२. लायपोप्रोटीन-एही वाढलेले. डॉक्टरांनी रोज रात्रीची गोळी लावली आणि दीड महिन्याने पुन्हा रक्त द्यायला सांगितले. हिशोब केला तर ती तारीख रमजानमध्ये येते. छोटे मामूंनी आधी इमामसाहेबांना विचारले, रक्त दिल्याने रोजा तुटतो का? ते म्हणाले, नाही तुटत, अशक्तपणा येईल इतके काढू नका म्हणजे झाले. मग लॅबमध्ये विचारले, सकाळी उपाशीपोटीच यावे लागेल का? तिथे सांगितले, कोलेस्टेरॉलसाठी आता उपाशी असायची सक्ती नाही, फक्त ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असतील तर उपाशीपोटी पुन्हा पाहावे लागते. सहरीनंतर रक्त द्यावे की इफ्तारच्या आधी, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. असरची नमाज पढून जायचे ठरले आहे. लॅब संध्याकाळी सातपर्यंत उघडी असते.